घरटी एक माणूस

चंद्रावतीकाकींच्या सहीत तीन शब्द होते. पहिला आणि तिसरा हलक्या हाताने लिहिलेला. मधल्या शब्दावर मात्र पेन दाबून धरलेलं. कागद उलटा करून मागून बोट फिरवलं तर फक्त तो मधला शब्द हाताला लागायचा. प्रतिज्ञापत्राच्या चार प्रतींवर चार सह्या झाल्या. मी चारही प्रती मागून बघितल्या. चारही तशाच होत्या.

मधला शब्द नवऱ्याच्या नावाचा होता. कान्हू.

"तिसरं कलम परत वाच गो," काकी मला म्हणाल्या.

मी वाचलं. "माझे पती श्री. कान्हू गोविंद मोकल हे दिनांक १२ ऑगस्ट २०१८ रोजी गावच्या खाडीबांधाच्या कामावर गेले, ते परत आले नाहीत. सात वर्षांहून अधिक काळ त्यांची कोणालाही खबर नाही. ते मयत झाले असावेत अशी माझी खात्री झाली आहे."

"खात्री," काकी म्हणाल्या. "ही कोनाची?"

"तुमची," वैशालीताई म्हणाल्या.

"माझी नाय."

"कायद्याची भाषा आहे ती, चंद्रावती. सात वर्षं माणसाची खबर नसली तर कोर्ट तो गेला असं धरतं. पण धरा म्हणून सांगायला कोणीतरी लागतं."

काकींनी पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्याकडे न देता टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवलं. "कागदावर काय लिवायचं त्ये लिवा. सही केली मी. पन तुमचा कागद माझ्या बांधावर नाय यायचा. एवढं बोलून ठेवते."

"तो कशाला येतोय बांधावर?" वैशालीताई हसून म्हणाल्या. "त्याला चिखल चालत नाही."

काकीही थोडं हसल्या. त्या काय म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं नाही. मी प्रती क्रमाने लावल्या, कोपऱ्यात टाचणी मारली आणि फाइलवर तारीख घातली.

संस्थेचं ऑफिस पेणच्या बाजारपेठेमागे एका जिन्यावर होतं. दोन खोल्या, तीन कपाटं. रेशनकार्डात नाव नाही, पेन्शन अडकलंय, सातबाऱ्यावर वारस लागत नाहीत अशी माणसं तिथे यायची. वैशालीताई बावीस वर्षं त्यांचे अर्ज लिहीत होत्या आणि अर्जामागून कचेऱ्यांत जात होत्या. मी रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. अभ्यासक्रमात एकशेवीस तास प्रत्यक्ष कामाचे होते. वर्गातल्या बाकीच्यांना धाटावला कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जागा मिळाल्या. माझा फॉर्म दोन दिवस उशिरा गेला म्हणून मी इथे आले. अष्टमी गावातल्या घरून पूल ओलांडून रोह्याला, रोह्याहून एसटीने पेणला. घरी माझा भाऊ निकेश रोज विचारायचा, "काय मग, आज किती रेशनकार्डांचं टायट्रेशन केलंस?"

वैशालीताईंना मात्र मी आवडले होते. "तू मोजतेस," त्या म्हणायच्या. "आमच्याकडे सगळे अंदाजाने बोलतात."

काकींचं प्रकरण सांगायला सोपं होतं. खाडीलगतची भातजमीन कान्हू आणि त्यांचा धाकटा भाऊ महिपती यांच्या नावावर होती. महिपतीला ती विकायची होती. कान्हू नाहीत, त्यामुळे नाही म्हणणारं कागदावर कोणी नव्हतं. कान्हू मयत आहेत असं कोर्टाने ठरवलं की काकींचं आणि किमयाचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, नाव वारस म्हणून लागणार होतं. मग जमीन त्यांच्या सहीशिवाय हलणार नव्हती. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत काकी या कागदालाच तयार नव्हत्या. गिऱ्हाईक शेत बघून गेलं, तेव्हा तयार झाल्या.

संस्थेच्या वकीलसाहेबांना एक गोष्ट कमी पडत होती. त्या दिवशी कान्हू बांधावर गेले होते याचा लेखी पुरावा. पोलिसांतली बेपत्ता असल्याची नोंद चौथ्या दिवसाची होती. "गावात हजेरीची वही असते म्हणतात," ते म्हणाले. "त्या तारखेचं पान मिळालं तर बघा."

मी वडखळला एसटीतून उतरले आणि सहाआसनी रिक्षेने काकींच्या गावात गेले. जानेवारीचा दुसरा आठवडा होता.

वही विठूनानांकडे होती. नाना सत्तरीचे, ओटीवर उकिडवे बसून जाळ्याची भोकं सांधत होते. वही आणायला सांगितल्यावर त्यांनी आधी हात धुतले.

"घरटी एक मानूस," ते मला समजावून सांगत होते. "बेचालीस घरं. उधानाच्या आधी सगल्यांनी बांधावर यायचं, चिखल घालायचा. सरकार येईल तवा येईल, खारं पानी थांबत नाय. मी नाव घेतो, घरातला जो आला असंल तो हाय म्हनतो. आला तं टिक, नाय आला तं फुली."

रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने डोक्यावरची पाटी न हलवता आत बघितलं. "नाना, पोरीला चा तरी पाज. का नुसती वहीच खायला घालतोस?"

"तू जा गो हौसा. तुझ्या घराच्या तीन फुल्या हायेत, त्या आधी भर."

"भरते की. बांध कुठं पलून जातोय?"

मी बारा ऑगस्ट दोन हजार अठराचं पान काढलं. कान्हू गोविंद. टिक. मी पान उलटलं. पुढची हजेरी सप्टेंबरची होती. कान्हू गोविंद. टिक. त्यापुढची ऑक्टोबरची. टिक. मी वही शेवटपर्यंत चाळली आणि परत येताना मोजली. नाहीसे झाल्यानंतरच्या अठ्ठावन्न हजेऱ्या होत्या. बाकी एक्केचाळीस घरांपुढे कुठे ना कुठे फुली होती. कान्हूंच्या नावापुढे एकही नव्हती.

"नाना, हे पुढेही हजर कसे?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "घर आलं ना कामाला. घर आलं म्हंजे हजर."

"पण नाव त्यांचं आहे."

"नाव घरच्या मानसानं काढायला सांगायचं. बांधावर, सगल्यांच्या समोर. ही आता गेली ना, हौसा, हिचा सासरा गेला तवा तेराव्यानंतरच्या पयल्या हजेरीला हिच्या नवऱ्यानं सांगितलं. मी रेघ मारली, पोराचं नाव घातलं. कान्हूचं मना कोनी सांगितलं नाय. मी कोन रेघ मारनारा?"

मला एकच पान हवं होतं. पण तिसऱ्या वर्षापर्यंत आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवलेली असते. सोयीची रीडिंग ठेवून बाकीची गाळली, तर तो प्रयोग नाही. मी वही घेऊन रिक्षेने वडखळला परत गेले, सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, परत आले आणि विठूनानांची प्रत्येक पानावर सही घेतली. नाना चष्मा लावून सावकाश सह्या करत होते. मध्येच म्हणाले, "एवढ्या वर्सांत ही वही कोनी मागितली नवती."

मग मी काकींकडे गेले. त्या चुलीपुढे होत्या. किमया बारावीचं पुस्तक घेऊन दारात बसली होती. काकींनी चहा आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली आणि मी न विचारता बोलायला लागल्या. सही केल्यापासून त्या बोलत होत्या असं किमया मला नंतर म्हणाली.

"तवा पानी चढत व्हतं. हे टोकाकडं गेले, तिथं बांध खचलाय का बगायला. एकटेच गेले. सगले म्हनत व्हते थांब. मंग आले नाय. दोन दिवस व्हड्या फिरल्या. काय घावलं नाय." त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मंग कोनी बोललं, डोलवीला कंपनीच्या गेटवर दिसले, ठेकेदाराच्या लायनीत. मी गेले. तिन्ही शिफ्टा उभी रायले. सगल्यांच्या डोक्यावर पिवला टोप. लांबून सगले त्यांच्यासारखेच चालत व्हते."

"आणि वडखळला पोलिसांत अकरा वेळा," किमया पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"बारा," काकी म्हणाल्या.

"बांधावर जाऊन खोटं हाय म्हणते ते वेगळंच. मी जायचं सोडलं."

काकींनी किमयापुढे भाकरी सरकवली. मला म्हणाल्या, "आता गावात कोन त्यांचं नाव घेत नाय. मना बगितलं की गिलतात. बायका बोलत असतात, मी गेले की गप. एकटा विठूनाना घेतो. मोठ्यानं, सगल्यांत. कान्हू गोविंद. मंग मी हाय म्हनते. बास. त्यापरीस काय नको मना."

हे मी ऐकलं. झेरॉक्सची पिशवी तेव्हा माझ्या मांडीवर होती. काकी पहिल्या दिवशी काय म्हणाल्या होत्या ते मला आठवलंही. पण मला वाटलं, कागद तर पेणला चाललाय.

फाइलमध्ये मी सगळी पानं लावली, क्रमांक घातले, वर अनुक्रमणिका जोडली. "बारा ऑगस्टचं पान आहे ना?" वैशालीताईंनी विचारलं. "आहे," मी म्हणाले. वकीलसाहेबांनी अनुक्रमणिका बघितली आणि छान केलंय म्हणाले. त्या आठवड्यात त्यांच्याकडे एकोणीस प्रकरणं होती.

फेब्रुवारीतल्या तारखेला काकी निळं लुगडं नेसून कोर्टात आल्या होत्या. महिपती दुसऱ्या बाकावर बसले होते. भावासारखेच दिसतात म्हणे; मी फोटो बघितला होता, कपाळ तसंच होतं. काकी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. वकीलसाहेबांनी विचारलेलं सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग महिपतींच्या वकिलांनी फाइल उघडली. त्यांनी माझी अनुक्रमणिका वापरली. पानं पटापट सापडत होती.

"बाई, ही तुमच्या गावची हजेरीची वही?"

"व्हय."

"यादीतच आहे, तुमच्याच बाजूने दाखल झालेली. यात कान्हू गोविंद बारा ऑगस्टला हजर आहेत. बरोबर. पंचवीस सप्टेंबरलाही हजर आहेत. आठ ऑक्टोबरला हजर. गेल्या महिन्यात हजर. बारा ऑगस्टनंतर अठ्ठावन्न वेळा. गावात एवढी पूर्ण हजेरी दुसऱ्या कोणाचीच नाही."

मागे कोणीतरी हसलं. वैशालीताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या फाइलकडे बघत होत्या.

न्यायाधीश मॅडम काकींकडे वळल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता. "तुमचे पती बांधावर येतात?"

काकींनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"नाव घेतलं की उत्तर कोण देतं?"

"मी."

"काय उत्तर देता?"

काकींनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला. "हाय म्हनते."

"म्हणजे इथे तुम्ही ते नाहीत म्हणता, आणि तिथे दर वेळी आहेत म्हणता. कोर्टाने काय धरायचं?"

टायपिस्टचे हात थांबले. तो उत्तराची वाट बघत होता. काकींनी एकदा विठूनानांच्या सह्यांच्या त्या पानांकडे बघितलं. पुढची तारीख मिळाली, बारा मार्च.

बाहेर जिन्याशी महिपती उभे होते. "वयनी," ते म्हणाले, "मना म्हाईत नव्हतं वकील त्ये काढील."

"तुमी बाजूलाच उभे असता, भावजी. हजेरीला."

"व्हय. पन मी त्याला बोललो नाय. कागदातूनच घावलं त्याला." ते चपलेने जमिनीवरची माती सारत होते. "मना आता चिखल व्हत नाय, वयनी. गुडघे गेले. म्हनून इकायची. तुमच्यावर राग नाय माझा."

"म्हाईत हाय," काकी म्हणाल्या.

वैशालीताई वकीलसाहेबांशी बोलत होत्या. मी काकींबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. आम्ही बाकड्यावर बसलो. मी मनात वाक्य तयार केलं होतं, ते तयार केल्यासारखंच बाहेर आलं.

"काकी, ती पानं मी जोडली. वकिलांनी एकच मागितलं होतं."

"म्हाईत हाय. नानानं सांगितलं. पोरीनं सगल्या पानांवर सह्या घेतल्या म्हनाला. लय बरं वाटलं व्हतं त्याला."

"माझी चूक झाली."

त्यांनी जरा विचार केला. "तू खोटं लिवलंस काय त्यात?"

"नाही."

"मंग."

वडखळची गाडी लागली. त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. मी हात केला. त्या समोर बघत होत्या, त्यांना दिसलं नसावं.

ऑफिसात वैशालीताई मला रागावल्या नाहीत. मी त्याची वाट बघत होते. त्यांनी दोघींना चहा सांगितला आणि म्हणाल्या, "मी ती फाइल उघडून बघायला हवी होती. तू एकशेवीस तासांची आहेस, मी बावीस वर्षांची." मग त्यांनी वकीलसाहेबांनी सांगितलेलं कागदावर लिहिलं. विठूनानांचं प्रतिज्ञापत्र, की नाव नवऱ्याचं असलं तरी हाक घराला असते आणि उत्तर बायको देते. आणि नाव काढल्याची नोंद असलेलं पान.

"पहिल्यावर भागणार नाही का?" मी विचारलं. "दुसऱ्याची गरजच काय?"

"भागेल कदाचित."

"कदाचित म्हणजे किती?"

"नमिता, ते मोजता येत नाही." त्या थांबल्या. "आणि समज भागलं. आता तिला ठाऊक झालंय की तिचं हाय टाइप करून घेतात. यापुढे ती ते कसं म्हणणार?"

आम्ही दोघी गावात गेलो. वैशालीताईंनी दोन्ही गोष्टी काकींना सांगितल्या, काहीही न दडपता. पहिल्याने कदाचित भागेल हेही सांगितलं. काकी ऐकत होत्या. किमयाही ऐकत होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं.

"नानाला सांगून वहीत रेघ मारून घेता येईल का, गुपचूप?" मी विचारलं. मला खरंच वाटलं होतं की हा उपाय आहे.

"नाना मारनार नाय," काकी म्हणाल्या. "आनि मारू पन नये. तशी मारली तर ती चोरी."

"घाई नाही," वैशालीताई म्हणाल्या. "एक मार्चला तुमची हजेरी आहे, बारा मार्चला तारीख. तुम्ही ठरवा."

"सात वर्सां मी काय दुसरं करतेय," काकी म्हणाल्या.

माझे एकशेवीस तास सत्तावीस फेब्रुवारीला भरले. वैशालीताईंनी फॉर्मवर सही केली, शेऱ्यात 'काटेकोर' असं लिहिलं. कॉलेजला द्यायच्या अहवालात शेवटी त्रुटींचं एक पान असतं. प्रयोगशाळेच्या अहवालात ते पान मला कधी जड गेलं नव्हतं. मी ते कोरंच ठेवलं आणि रविवारी, एक मार्चला, सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. निकेशने विचारलं, "आता कसले तास?" मी म्हणाले, कसलेच नाहीत.

होळीला दोन दिवस होते. पौर्णिमेचं उधाण यायच्या आत काम उरकायचं होतं. पाणी पार उतरलं होतं. खाडीच्या मध्यावर एक पट्टा तेवढा चमकत होता. बांधाच्या एका अंगाला कापणी झालेली शेतं आणि दुसऱ्या अंगाला चिखल, तिवरांच्या मुळांनी टोचलेला. माणसं बांधावर ओळीने उभी होती, कोणाच्या हातात फावडं, कोणाच्या घमेलं. हौसा कोणाला तरी सांगत होती की तिच्या सुनेने काल भातात मीठ दोनदा घातलं, बांध असून घरात खारं पाणी शिरलं. माणसं हसत होती.

काकी ओळीच्या साधारण मध्यावर होत्या. त्यांच्या डाव्या हाताला महिपती. उजव्या हाताला किमया. किमया चार वर्षांनी बांधावर आली होती असं मला मागून कोणीतरी सांगितलं. मी वैशालीताईंच्या शेजारी, ओळीच्या बाहेर उभी राहिले. काकींनी काय ठरवलंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी किमयालाही सांगितलं नव्हतं.

विठूनानांनी वही उघडली आणि चष्मा पुसला. ते एकेक नाव घेऊ लागले. सावकाश, वडिलांच्या नावासकट, कोणी घाईत असल्यासारखं नाही. दर नावाला ओळीतून कुठून तरी हाय येत होतं, बाईचं, बाप्याचं, एका म्हातारीचं. नाना टिक करून बोट खाली सरकवत होते. मी मोजत होते. मला न मोजता राहता येत नाही. सतरा. अठरा.

"कान्हू गोविंद."

उत्तर आलं नाही.

नानांचं पेन कागदाला टेकलेलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. हौसा बोलत होती ती थांबली. महिपतींनी घमेलं खाली ठेवलं, अगदी हळू, त्याचा आवाज होऊ नये म्हणून.

"कान्हू गोविंद," नानांनी परत म्हटलं. आवाज तोच, उंचीही तीच.

किमयाने आईचं मनगट धरलं. काकींनी ते सोडवून घेतलं नाही. त्या नानांकडे बघत नव्हत्या, बांधाच्या टोकाकडे बघत होत्या, जिथे तो वळतो आणि पुढचं दिसत नाही. त्यांनी दोनदा श्वास घेतला. मग नानांकडे वळल्या आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"टिक नको मारू, नाना. किमयाचा बाप वारला. नाव काढ."